नाव पैठणचं, माग येवल्याचे

पैठणला पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याची एक अपेक्षा ठरलेली असते. जुन्या गावात शिरलं की घराघरातून मागाची खटखट ऐकू येईल, ओसरीवर कुणी रेशीम उकलत बसलेलं असेल, आणि चार घरं हिंडून, थोडी घासाघीस करून आपण थेट विणकराच्या हातून पैठणी घेऊन परतू. प्रत्यक्षात संत एकनाथांचा वाडा सापडतो, समाधी मंदिर सापडतं, ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले असं मानतात तो नागघाट सापडतो, नाथसागराची, म्हणजे जायकवाडी धरणाची, लांबच लांब भिंत दिसते. माग बघायचा म्हटलं की लोक सरकारी पैठणी केंद्राकडे बोट दाखवतात. आणि खरेदीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सुचवतं, पुष्कळ माल बघायचा असेल तर येवल्याला जा.

येवला नाशिक जिल्ह्यात आहे. पैठणीच्या नावात पैठण असलं तरी तिचे माग, तिचे रंगारी, तिचे व्यापारी आणि तिच्यावर चालणारे संसार आज मुख्यतः तिथे आहेत. कला आणि संस्कृती यांच्या जोरावर गावं पुन्हा उभी राहू शकतात, असं अलीकडे सगळेच म्हणतात. त्या म्हणण्याची परीक्षा घ्यायला पैठणइतकं चांगलं प्रकरण मराठवाड्यात दुसरं नाही. इथे कला होती, ती जवळजवळ गेली, सरकारी पैशातून ती परत उभी केली गेली, तिचं नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोचलं, आणि तरीही गावाच्या अर्थकारणात तिचा वाटा छोटाच राहिला. हे असं का झालं, एवढ्याच प्रश्नाभोवती हा लेख आहे.

मागचा इतिहास, थोडक्यात

पैठणी दोन हजार वर्षांची असल्याचं दुकानांच्या पाट्यांवर आणि पर्यटनाच्या पत्रकांत सर्रास छापलेलं असतं. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे हेच पैठण, यात वाद नाही. पण पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या नोंदवहीत पैठणचा उल्लेख आहे तो मौल्यवान दगडांसाठी. कापड आणि मलमल जायची ती तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या आजच्या तेरहून. हा माल पैठण आणि तेरहून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जायचा. तेव्हा सातवाहनांच्या राण्या बांगडीमोराच्या नक्षीची पैठणी नेसायच्या, वगैरे ऐकलं की जरा सबुरीनं घ्यावं. पैठण मोठी पेठ होती, विणकाम आणि जरीची परंपरा जुनी होती, एवढं म्हटलं तरी पैठणचा मान कमी होत नाही.

जास्त ठोस दुवा पेशवाईतला आहे. माधवराव पेशव्यांच्या पत्रांत पैठणच्या आसावली, म्हणजे फुलवेलींच्या नक्षीच्या, दुपट्ट्यांची मागणी येते, रंगांच्या नावांसकट. पुढे निजामाच्या घराण्यानं या कापडाला आश्रय दिला. निजामाच्या सूनबाई निलोफर यांनी काठापदरासाठी नवे नमुने सुचवले असं सांगतात. थोडक्यात, हे कापड कायमच वाड्या-दरबारातल्या गिऱ्हाइकासाठी विणलं गेलं. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, जहागिऱ्या गेल्या आणि महिनोन्‌महिने थांबून एका साडीचे पैसे मोजणारं गिऱ्हाईकच गेलं. मराठवाड्याच्या मुक्तीचा आनंद सगळ्यांना झाला, पण दरबारावर जगणाऱ्या कारागिरांना पर्यायी बाजार कुणी दिला नाही. औरंगाबादच्या हिमरू या दरबारी कापडाचीही तीच गत झाली.

येवल्याची गोष्ट वेगळी होती. येवला वसवणाऱ्या रघोजी नाईकांनी पैठणकडचे विणकर तिथे नेऊन बसवले, त्यांना सवलती दिल्या, असं येवल्यातले लोक अभिमानानं सांगतात. तिथे विणकाम सुरुवातीपासून घरात आणि व्यापाऱ्याच्या पेढीत रुजलं. दरबार बुडाला तेव्हा पेढी टिकली.

पैठणी केंद्रानं काय केलं

1972 चा दुष्काळ मराठवाड्यानं सोसला होता. हाताला काम हवं ही त्या काळातली सगळ्यात मोठी मागणी होती. त्याच दशकात महाराष्ट्र लघुउद्योग विकास महामंडळानं पैठणला पैठणीचं प्रशिक्षण आणि उत्पादन केंद्र उभं केलं. शिकवायचं, विणून घ्यायचं, मजुरी द्यायची आणि माल आपल्या विक्री केंद्रांतून विकायचा, अशी घडी बसवली गेली.

या केंद्राचं एक काम फारसं बोललं जात नाही. विणकाम हे साळी, कोष्टी, खत्री अशा समाजांचं पिढीजात काम. पैठणला मात्र ज्यांच्या घरात कधी धोटा, म्हणजे आडवा धागा पलीकडे नेणारं साधन, आला नाही अशा घरांतल्या मुली आणि बायका मागावर बसल्या. जात आणि धंदा यांची गाठ सुटली. पैठण हे एकनाथांचं गाव. जातीपातीची उतरंड मोडू पाहणारा संत चारशे वर्षांपूर्वी इथेच राहिला. त्याच्या गावात कसब जातीबाहेर आलं हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं सांस्कृतिक यश वाटतं. साडी किती रुपयांना गेली हा मुद्दा त्यानंतरचा.

हे कसब म्हणजे नेमकं काय, हे मागाशेजारी थोडा वेळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. साडीचं अंग विणताना तीन धोटे चालतात: डाव्या काठाला एक, मधल्या अंगाला एक, उजव्या काठाला एक. काठ आणि अंग जिथे भेटतात तिथे दोन्ही धागे एकमेकांत गुंतवून परत फिरवायचे, म्हणजे काठ आणि अंगाचा रंग एकमेकांत मिसळत नाही. बुट्टी आली की वेग कमी होतो. पदर आला की वेग संपतोच. पदराच्या रुंदीवर रंगारंगाचे धागे गुंडाळलेल्या छोट्या छोट्या तिल्ल्या लोंबत असतात. मोराच्या मानेचा निळा तिथल्यापुरता न्यायचा, चोचीपाशी सोडायचा, शेजारचा रंग त्यात अडकवून पुढे जायचं. एक ओळ पुरी झाली की फणी ठोकून ती घट्ट बसवायची. मग दुसरी ओळ. कुठलंही यंत्र नक्षी उचलून देत नाही. नक्षी असते ती विणणारीच्या मोजणीत. एक धागा चुकला तर चार ओळी वर गेल्यावर मोराची मान वाकडी दिसते, आणि मग उसवत मागे यावं लागतं. भरगच्च पदर असेल तर दोघी शेजारी शेजारी बसतात, आणि दोघींची ठोक सारखी पडली नाही तर वीण कुठे घट्ट, कुठे सैल होते.

म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून बघतात. मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, सुटे लोंबते धागे नसतात. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उचलणाऱ्या यंत्रावर, काढलेल्या पदराला मागे कापलेल्या धाग्यांचा पसारा असतो, तो झाकायला बऱ्याचदा जाळी लावतात. गिऱ्हाइकाला फसवणं किती सोपं आहे हे यावरून कळेल. दुकानदार पदर पुढूनच दाखवतो.

मजुरी आणि घर

आता अडचण कुठे झाली ते बघू. केंद्रात मजुरी कामावर मिळते. साधा पदर असेल तर साडी महिन्याभरात उतरते, नक्षी भरली तर चार-सहा महिने, आणि फारच भरगच्च असेल तर वर्षाच्या पुढे काम जातं. उदाहरणादाखल धरा की एका साडीला तीन महिने लागले आणि मजुरी 30 हजार मिळाली. महिना दहा हजार. पैठणला एमआयडीसी आहे, जवळच्या शहरात कारखाने आहेत. तिथे ठरल्या तारखेला पगार येतो आणि डोळ्यांवर ताण येत नाही. मागावर मात्र शिकायला पहिली दोन वर्षं जातात, त्या काळात हातात पडतं ते नावापुरतं. विशीतल्या मुलीनं कोणतं काम निवडावं हे तिला सांगायला जाणं बरं नव्हे.

पण फक्त मजुरी कमी आहे म्हणून पैठणी पैठणला फैलावली नाही, हे निदान अपुरं आहे. येवल्यातही विणकराची मजुरी फार मोठी नसते. खरी अडचण आहे ती कसब शिकल्यानंतर पुढे काय करायचं याची. केंद्रात शिकलेली बाई केंद्रातच विणणार, किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार आणि तिचं कसब संपणार. स्वतःच्या घरी माग टाकायचा तर काय काय लागतं बघा. खड्डामागाला जागा हवी, तीही पक्क्या जमिनीची, छताला उंची हवी, उजेड हवा. रेशीम आणि जर आधी विकत घ्यायला हवी. ताणी, म्हणजे मागावरचे उभे धागे, भरून देणारा माणूस हवा. रंगारी जवळ हवा, कारण गिऱ्हाइकानं मागितलेली नेमकी छटा मिळाली नाही तर साडी पडून राहते. फणी मोडली तर ती दुरुस्त करणारा हवा. आणि साडी उतरल्यावर ती विकेपर्यंत पैसे अडकून पडणार, ते सोसण्याची ऐपत हवी.

कारागिराच्या घरी साडी तयार झाली म्हणजे कमाई झाली, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. पण साडी तयार होताना पैसा आधी बाहेर जातो: रेशमात, जरीत, रंगात. तो परत यायला साडी विणायचे महिने आणि त्यावर विकण्याचे महिने लागतात. तेवढे महिने घर चालवायला दुसरी कमाई हवी किंवा उधारी देणारी पेढी हवी. पैठणला कसब आलं, पेढी आली नाही.

एक विचित्र गोष्टही इथेच नोंदवायला हवी. पैठणीला लागणारं रेशीम बेंगळुरूकडून येतं आणि जर सुरतेहून. पण तुतीची लागवड आणि रेशीम कोषांचं उत्पादन आज मराठवाड्यातच जोरात आहे. बीड आणि जालना ही त्यातली आघाडीची नावं, आणि जालन्याला 2018 पासून कोषांची बाजारपेठ आहे. हे दोन्ही जिल्हे पैठण तालुक्याला लागून आहेत. तरीही बराच कोष कर्नाटकात रामनगरच्या बाजारात जातो आणि सूत बनून, रंगून, दाम वाढून परत येतो. बीडच्या शेतकऱ्याचा कोष आणि पैठणच्या बाईचा माग यांची गाठ पडलेलीच नाही. पुनरुज्जीवनाच्या योजनांत नृत्यमहोत्सव, मुख्य रस्त्यावर कमान, रोषणाई हे सगळं येतं. सुताची गिरणी क्वचितच येते, कारण गिरणीचं उद्‌घाटन छायाचित्रात फारसं खुलत नाही.

येवल्याला काय जमलं

येवला मनमाड-नगर रस्त्यावर आहे, शिर्डी जवळ आहे. देवदर्शनाला निघालेली गाडी वाकडी वाट न करता थांबते. हे नशिबाचं झालं. बाकीचं नशिबाचं नाही. एका गल्लीत माग, दुसरीत रंगारी, तिसरीत ताणी भरणारे, पलीकडे दुकानं. विणकराचं आणि व्यापाऱ्याचं पिढ्यांचं खातं असतं. गावाबाहेर नागडे, बल्हेगाव, वडगाव अशा खेड्यांपर्यंत माग गेले. पूर्वी एका-दोन समाजांपुरतं असलेलं काम तिथेही नंतर शेती करणाऱ्या घरांनी उचललं. मोसमात कमी पाऊस झाला तर मागावरचा पैसा घर तारतो, हे एकदा खेड्याला कळलं की कुणी प्रचार करायला लागत नाही.

येवल्याचं चित्र अगदी गोड आहे असंही मानू नये. व्यापारी सूत देतो, मजुरी देतो, आणि साडीच्या किमतीतला मोठा भाग त्याच्याकडेच राहतो, ही तक्रार तिथे जुनी आहे. जॅकार्ड आणि यंत्रमाग तिथल्या बाजारातही घुसले आहेत. तरुण पोरं पुण्या-नाशिकला जातातच. फरक एवढाच की तिथे भांडण वाट्यावरून आहे. वाटून घ्यायला काहीतरी आहे म्हणून.

पैठणला वाटून घ्यायचं कमी आणि मिरवायचं जास्त, अशी अवस्था आहे. आता भौगोलिक मानांकनही पैठणीला मिळालं. मानांकनानं नावाला कायद्याचं संरक्षण मिळतं. पण हे संरक्षण मागणार कोण? सुरतेचा किंवा बेंगळुरूकडचा यंत्रमागावरचा माल पैठणी म्हणून विकला जातो तेव्हा तक्रार करायला विणकरांची संघटना लागते, वकील लागतो, वेळ लागतो. मागावर बसलेल्या बाईला यातलं काहीच परवडत नाही.

नावाचं काय झालं

याच काळात पैठणी हा शब्द मात्र झपाट्यानं वाढला. घरोघरी जाऊन वहिनींना पैठणी देणारा टीव्हीवरचा कार्यक्रम 2004 मध्ये सुरू झाला आणि ‘पैठणी जिंकली’ हा मराठी बोलण्यातला नेहमीचा प्रयोग होऊन बसला. त्यातूनच ‘खेळ पैठणीचा’ आला. आता नवरात्र असो, वाढदिवस असो की नगरपालिकेची निवडणूक, प्रत्येक प्रभागात मंडप पडतो, उखाणे होतात, संगीत खुर्ची होते आणि शेवटी पहिल्या क्रमांकाला पैठणी. त्यात वाटल्या जाणाऱ्या साड्या कुठल्या मागावरच्या असतात हे विचारण्याची पद्धत नाही. चारशे-सहाशे-हजाराच्या सेमी, म्हणजे यंत्रमागावरच्या पैठणीसारख्या, साड्यांचे गठ्ठे येतात आणि वाटले जातात.

शुद्धतावादी लोक यावर नाक मुरडतात, आणि मला त्यांचं सगळं पटत नाही. हजार रुपयांत पैठणीसारखं काहीतरी नेसायला मिळालं म्हणून कुणा बाईचा सण चांगला झाला असेल तर त्यात रडण्यासारखं काय आहे? गडबड आहे ती दुसरीकडे. सेमी आणि हातमाग यांच्यातला फरक गिऱ्हाइकाला दिसेनासा झाला की हातमागाची किंमत लुटीसारखी वाटायला लागते. ‘शेजारणीनं दोन हजारांत आणली, तुम्ही वीस हजार म्हणता,’ असं म्हणणारी बाई अडाणी नसते. तिला उलटा पदर कुणी दाखवलेला नसतो. आमच्याकडच्या ज्या पुढाऱ्यांनी पैठण्या वाटल्या त्यातल्या एकानं जरी ठरवलं की पहिल्या क्रमांकाला आपल्याच तालुक्यातल्या मागावरची एक आणि बाकीच्यांना दुसरं काहीही, तरी दहा-वीस मागांना वर्षभराचं काम मिळेल. हा खर्च मंडप आणि डीजेच्या खर्चापुढे नगण्य आहे.

चित्रकथी: हीच गोष्ट, दुसऱ्यांदा

पैठणी हे एकटं उदाहरण असतं तर योगायोग म्हणता आला असता. पण पैठणच्या नावानं आणखी एक कला ओळखली जाते, ती म्हणजे चित्रकथी. कागदावर रामायण-महाभारतातले प्रसंग, बाजूनं काढलेले चेहरे, मोठाले डोळे, ठसठशीत रेषा. चित्रकथी समाजाचे लोक ही चित्रं पोथीसारखी बांधून गावोगाव फिरायचे, एकेक चित्र पुढे धरून कथा गायचे. पैठणकडची म्हणून ओळखली जाणारी चित्रं दिनकर केळकरांनी जमवली. त्यातली बरीच आज पुण्याच्या केळकर संग्रहालयात आहेत. अभ्यासक त्या शैलीला पैठण शैलीच म्हणतात.

जिवंत चित्रकथी बघायची तर मात्र कोकणात, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जावं लागतं. तिथल्या ठाकर समाजातल्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, पोरांना शिकवलं, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांसकट सगळा संसार जपला. 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज पिंगुळीला शाळांच्या सहली जातात, अभ्यासक राहायला येतात. तिथे कलेच्या मागे सुरुवातीला मोठं बजेट नव्हतं. एक कुटुंब होतं, एक जागा होती, आणि आलेल्या माणसाला कथा ऐकवायची तयारी होती.

पैठणला चित्रकथीची एखादी कार्यशाळा झाली की वर्तमानपत्रात बातमी येते आणि पुढे काही होत नाही. संग्रहालयातल्या चित्रांच्या चांगल्या प्रती गावात लावता येतील, पिंगुळीच्या कलाकारांना वर्षातून महिनाभर बोलावून इथल्या मुलांना शिकवता येईल. कला कोकणातून घेऊन यायची म्हणजे आपली हार, असं वाटण्याचं कारण नाही. येवल्याला विणकर पैठणचे गेले तेव्हा येवल्याला कमीपणा वाटला नव्हता.

षष्ठीची गर्दी

फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला लाखो वारकरी येतात. एकनाथांनी जलसमाधी घेतली तो हा दिवस मानतात. मराठवाडा आणि खानदेशातल्या दिंड्या येतात, गोदेच्या वाळवंटात राहुट्या पडतात, कीर्तनं होतात, भारुडं होतात आणि अष्टमीला काल्याची दहीहंडी फुटते. मराठवाड्यातली यापेक्षा मोठी सांस्कृतिक घटना कुठलाही पर्यटन विभाग आखू शकणार नाही. तिला जाहिरात लागत नाही.

या गर्दीचा आणि पैठणीचा संबंध काय? आज जवळजवळ शून्य. पायी आलेला वारकरी 20 हजारांची साडी घेणार नाही हे उघड आहे. पण तो रिकाम्या हातानंही परत जात नाही. माळा, टाळ, चिपळ्या, बुक्का, प्रसाद, पोरांना खेळणी, घरच्या बाईला काहीतरी, असं त्याचं चंबूगबाळं भरतंच. मागावर विणलेला वीतभर काठ, छोटा मुनिया पक्षी काढलेली चौकट, देवाच्या गादीला घालायचं जरीचं वस्त्र, पोथी बांधायचा रुमाल, असं दोनशे-पाचशे रुपयांत बसणारं काही पैठणला विणलं जात नाही. देवाचं वस्त्र तर घराघरात लागतं. नव्यानं शिकणाऱ्या मुलीचा हात बसेपर्यंतची दोन वर्षं अशा छोट्या कामांवर निभावता येतील, आणि तिला पहिल्या महिन्यापासून हातात पैसे पडतील. पैठणी कापून पर्स शिवणं ही वेगळी गोष्ट, आणि ती मला बघवत नाही. पण छोटं म्हणून विणलेलं कापड छोटंच असतं, त्यात कुणाचा अपमान नाही.

दुसरा मुद्दा भारुडाचा. नाथांनी जोशी, वासुदेव, गोंधळी, विंचू, भूत, महारीण असं कुणालाही घेऊन भारूड उभं केलं. हे भारूड षष्ठीला होतं, मग वर्षभर गावात ते दिसत नाही. पैठणच्या संतपीठाची इमारत उभी राहून कित्येक वर्षं तशीच पडून होती. अखेर 2021 मध्ये विद्यापीठाच्या आधारानं संतवाङ्मयाचे अभ्यासक्रम सुरू झाले. अभ्यासक्रम हवेच आहेत. पण भारूड वाचून कळत नाही, ते सोंग घेऊन, लोकांना हसवत, मध्येच टोमणा मारत सादर करायचं असतं. शनिवार-रविवार संध्याकाळी घाटावर तासभर भारूड ठेवलं तर संभाजीनगरहून पन्नास किलोमीटर गाडी मारून येणारं कुटुंब दुपारी धरणाखालचं ज्ञानेश्वर उद्यान बघून परत फिरणार नाही, रात्रीपर्यंत थांबेल. थांबलं की जेवेल, दुकानात शिरेल, मागाशेजारी उभं राहील. सध्या होतं ते उलटं. वेरूळ-अजिंठ्याला आलेला पाहुणा उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे जातो, पैठण दक्षिणेला राहतं. आलाच तर समाधीचं दर्शन, धरण, उद्यान आणि परत.

पुढे काय करता येईल

धरणाचं आणि उद्यानाचं एक शहाणपण पैठणनं आधीच पाहिलेलं आहे. 1965 ला पायाभरणी, 1976 ला लोकार्पण. शंभरावर गावं पाण्याखाली गेली आणि मराठवाड्याला पाणी मिळालं. धरणाखाली म्हैसूरच्या वृंदावन बागेच्या धर्तीवर ज्ञानेश्वर उद्यान झालं. ते काही काळ गाजलं, मग कारंजी बंद पडली, बाग सुकली, आणि पुन्हा दुरुस्तीच्या निधीच्या बातम्या येऊ लागल्या. वरून आणलेली वास्तू सांभाळायला दरवर्षी वरूनच पैसा आणावा लागतो. घरातला माग मात्र चालला तर स्वतःच स्वतःला सांभाळतो.

म्हणून माझ्या मते कामाचा क्रम असा असावा. आधी सूत. केंद्रात शिकून बाहेर पडलेल्या बायकांच्या गटाला रेशीम आणि जर उधारीवर मिळेल असा साठा पैठणला हवा. साडी विकली की उधारी फिटते. बचत गटांचं जाळं गावात आहे. त्यांना कर्ज वसुलीचा सराव आहे, साडीसाठी फक्त मुदत लांब ठेवावी लागेल, कारण भरगच्च पदराची साडी तीन महिन्यांत ना उतरते ना विकते. मग विक्रीची जागा. सिल्क मार्क, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण, आणि हातमागाचं चिन्ह असलेला माल, शेजारी चालू माग, आणि गिऱ्हाइकाला पदर उलटा करून दाखवणारी बाई. दुकान महामंडळाचं असो की गटाचं, साडीवर विणणारीचं नाव आणि लागलेले दिवस लिहिलेले असावेत. नाव लिहिलं की मोल वाढतं, आणि दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक तिलाच शोधत येतं. महोत्सव, कमानी, रोषणाई हे सगळं त्यानंतर आलं तर हरकत नाही.

यातलं सगळ्यात किचकट काम पैशाचं नाही, जागेचं आहे. जुन्या पैठणातली घरं अरुंद आणि एकमेकांना चिकटलेली. एका खोलीत चूल, कपाट, पोरांचा अभ्यास आणि झोपणं असलेल्या घरात मागाचा खड्डा कुठे खणायचा? येवल्यात घर बांधतानाच मागाची खोली धरतात. पैठणला ते होईपर्यंत प्रत्येक गल्लीत सात-आठ माग मावतील अशी सामायिक खोली लागेल, बायकांना भाकरी टाकून, पोरं शाळेत सोडून पायी जाता येईल इतक्या अंतरावर. नगरपालिकेच्या बंद पडलेल्या शाळाखोल्या, वापरात नसलेली समाजमंदिरं आधी तपासावीत. उजेड आणि कोरडी जमीन असेल तिथे पहिले माग टाकावेत.